वेंगुर्ला रोडचा कप्पा : प्रकल्प नोंदी, बेळगाव

१३ मे २०२४

टिळकवाडीतल्या घराची वरची खोली आज उघडली. घरात तिला अजूनही 'ऑफिस' म्हणतात. अण्णा बेळगावचे इंजिनिअर. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्यांचं दप्तर जतन करायचं काम आमच्या न्यासाने हाती घेतलंय. (घरचे त्यांना अण्णा म्हणत, ड्राफ्ट्समनही अण्णाच म्हणत. नोंदीत मीही तेच ठेवते.) काकू, म्हणजे त्यांच्या सूनबाई, दर दसऱ्याला कुलूप काढतात, केर काढतात, ड्रॉइंग बोर्डाला झेंडूची माळ घालतात आणि पुन्हा कुलूप लावतात. एकोणीस वर्षांत दुसरा हात लागलेला नाही. संग्रहाच्या कामात असं नशीब क्वचित मिळतं.

सामान असं : भिंतीभर सागवानी मांडणी, तिला पाच उभे कप्पे, कप्प्यांत नकाशांच्या गुंडाळ्या. फायलींचं एक लोखंडी कपाट. दोन जॉब रजिस्टरं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह. बोर्ड, टी-स्क्वेअर, रुलिंग पेनांची मखमली पेटी. गुंडाळ्या मोजल्या, ३१८ भरल्या. मोबाइलवर सगळ्या कप्प्यांचे फोटो काढले. सहजच.

छप्पर मंगळुरी कौलांचं. दोन ठिकाणी उन्हाचे कवडसे आत येतात. जिथून ऊन येतं तिथून पुढच्या महिन्यात पाणी येणार. आधी शाकारणी, मग बाकीचं.

१६ मे

आज माझ्या हातून चूक झाली. ती इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला अहवालात ती झाकता येणार नाही.

शाकारणीला माणसं येणार म्हणून मांडणी रिकामी करायला घेतली. मदतीला कॉलेजची दोन मुलं होती. त्यांना मी सांगून टाकलं, "गुंडाळीवर साल लिहिलंय ते बघा आणि सालाप्रमाणे खोक्यात लावा." पंधरा वर्षं वाचनालयात पुस्तकं वर्गवार लावण्यात गेली, हाताला तेच वळण. पहिला कप्पा संपून दुसरा अर्धा झाला तेव्हा मी खाली चहाला गेले, आणि कप तोंडाशी नेताना लक्षात आलं की आपण काय करतोय.

पुस्तकाला क्रम आपण देतो. दप्तराला क्रम त्याच्या मालकाने दिलेला असतो, आणि तो क्रम हाही एक कागदच असतो. ही काही नवी गोष्ट नाही. फ्रान्सच्या नतालिस द वायी यांनी १८४१ सालीच परिपत्रक काढलं होतं की एका माणसाचे किंवा एका कार्यालयाचे कागद एकत्र राहू द्यावेत, विषयवार वाटू नयेत. पुढे १८९८ मध्ये तिघा डच अभिलेखपालांनी त्यात भर घातली की मूळ मांडणीही मोडू नये. आमच्याकडे दप्तरांचे रुमाल बांधणाऱ्या कारकुनाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी एका रुमालातला कागद तो दुसऱ्यात घालत नसे.

वर जाऊन थांबवलं. १३ तारखेचे फोटो होते. शिवाय रिकाम्या फळ्यांवर धुळीत प्रत्येक गुंडाळीची जागा पांढुरकी उमटली होती, तिचेही फोटो काढले. बहुतेक गुंडाळ्या परत जागेवर लागतील. उरलेल्यांसाठी वेगळं खोकं केलं आणि त्यावर लिहिलं : 'मूळ जागा हलवली, १६ मे, मी.'

१८ मे

खोक्यात शेवटी अकरा राहिल्या. फोटोत त्या पुढच्या गुंडाळ्यांमागे दडलेल्या. यांच्यावर गावाचं नाव नाही, फक्त मालकाची आद्याक्षरं. रजिस्टरात बघितलं तर तिथे तालुका आहे, गाव नाही.

२० मे

मामा आले. अण्णांकडे एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन. आता अठ्ठ्याहत्तर वय, अनगोळहून सायकलने येतात. मांडणी बघून हसले आणि म्हणाले, "अण्णा वारानं जायचे, पोरी. सोमवारी खानापूर, मंगळवारी वेंगुर्ला रोड, बुधवारी निपाणी-संकेश्वर, शुक्रवारी गोकाक. पाचवा कप्पा गावातला, शापूर धरून. मंगळवारी सकाळी मी तो कप्पा उतरवायचो, झोळीत भरायचो, खरं क्रम चुकवायचो न्हाई. पयली साइट वरती, शेवटची तळाला."

म्हणजे कप्पा वरून खाली वाचत गेलं की रस्ता उलगडतो. दुसऱ्या कप्प्यात वरती हिंडलगा, मग सुळगा, उचगाव, बाची, आणि त्याखाली शिनोळी. मुलांनी ज्या कप्प्यांत सालं शोधली, त्यात सर्व्हिस मोटारीचे थांबे होते.

आता खरी गंमत. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यात राहिला. अण्णांच्या मंगळवारात मात्र काही फरक पडला नाही. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गुंडाळ्या एकाच कप्प्यात, एकाखाली एक आहेत. आमच्या नोंदणीच्या तक्त्यात मात्र पहिला रकाना 'राज्य', दुसरा 'जिल्हा'. तसं भरलं तर हा कप्पा बाचीच्या पुढे दोन तुकडे होऊन दोन वेगळ्या यादीत जाईल.

तक्ता बदलायचा. पहिला रकाना 'कप्पा', दुसरा 'कप्प्यातला क्रमांक'. राज्य खाली कुठेतरी, साल लिहून.

३ जून

शाकारणी झाली. संध्याकाळी पहिला वळीव, खोली कोरडी.

११ जून

आज फक्त कागद ओळखण्याचं काम. मामा बोटांनी ओळखतात, मी भिंगाने. शेवटी उत्तर एकच येतं, फक्त माझं उशिरा येतं.

निळ्यावर पांढरी रेघ ती ब्ल्यू प्रिंट. ती उन्हात फिकी पडते, आणि नवल म्हणजे अंधारात ठेवली की थोडी परतही येते. तिला अल्कली चालत नाही. मुंबईहून मागवलेल्या आम्लमुक्त खोक्यांत चुन्याचा अंश घातलेला असतो. इतर कागदांना तो औषध, ब्ल्यू प्रिंटला विष. तिच्यासाठी साधी, चुना नसलेली फोल्डरं. अमोनिया प्रिंट वेगळी : पांढरट पिवळ्या कागदावर जांभळी किंवा तपकिरी रेघ, आणि साठ वर्षांनीही उघडली की नाकात जाणारा वास. ती शेजारच्या कागदाला डाग पाडते, म्हणून तिचं बिऱ्हाड वेगळं. ट्रेसिंग पेपर तर पापडासारखा, गुंडाळी उलगडताना कडेचा तुकडा हातात आला.

सगळ्यात देखणं ते ट्रेसिंग क्लॉथ. तलम सुती कापडाला खळ देऊन घोटलेलं, निळसर, काचेसारखं. त्यावर काळ्या शाईची रेघ आज काढल्यासारखी दिसते. पण पाण्याचा एक थेंब पडला की खळ सुटते आणि तिथे पांढरा डोळा पडतो. मामांनी टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शिंकायचं असंल तर भाईर जाऊन."

काकू चहा घेऊन आल्या, कापडाला हात न लावता वाकून बघत राहिल्या. "आमच्या थोरल्याचं झबलं याचंच होतं. रद्द झालेले नकाशे सासूबाई भिजत घालायच्या. खळ गेली की असलं मऊसूत कापड निघायचं! आमच्या घरात चार पोरं नकाशांत वाढली बघ."

रजिस्टरात ज्या जॉबपुढे गुंडाळी सापडत नाही, त्या रकान्यात आता एक नवा शेरा चालेल : 'झबलं झालं असण्याची शक्यता.'

१३ जून

अकरांपैकी एक उलगडली. गावठी घराचा आराखडा. सोपा, माजघर, मागे पडवी. खोल्यांची नावं छापील वळणाच्या इंग्रजी अक्षरांत आणि पडवीलगतच्या एका अंधाऱ्या खोलीत, शिसपेन्सिलीने, घाईत, मराठीत : 'रताळी'. मालकाने साइटवर बोलून दाखवलं असणार आणि अण्णांनी तिथेच टिपलं असणार. रताळी या पट्ट्यात खंडीभर गावांत होतात, त्यामुळे गाव काही कळत नाही.

२४ जून

शहापूरहून निरोप आला म्हणून धावत गेले. एका निवृत्त प्राध्यापकांचं घर मुलं विकतायत. सर पदार्थविज्ञानाचे, चाळीसच्या आसपास वर्षं शिकवलं, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर होते. मी पोचले तेव्हा रद्दीवाल्याचा काटा अंगणात लागला होता आणि चाळीस किलो होऊन गेले होते. त्याला मोजलेल्या किलोंचे पैसे दिले आणि गठ्ठे परत आत आणले. रद्दीवाला भला माणूस, सुतळी सोडायलाही थांबला.

घरच्यांनी 'महत्त्वाचं' आधीच बाजूला काढलं होतं : मानपत्रं, सत्काराचे फोटो, एका राज्यपालांबरोबरचा गट. अंगणातल्या रद्दीत काय होतं? प्रश्नपत्रिकांचे कच्चे खर्डे, अभ्यास मंडळाची इतिवृत्तं, प्रयोगशाळेसाठी मागवलेल्या सामानाच्या याद्या, परीक्षकाच्या प्रवासभत्त्याची बिलं. मानपत्रात सर कसे होते ते कळत नाही, सगळी मानपत्रं एकसारखीच असतात. प्रवासभत्त्याच्या बिलात कळतं की ते धारवाडला पॅसेंजरने गेले, तिसऱ्या वर्गाने, आणि परतीचा चहाही मांडला होता.

मुलांशी बोलणी झाली. दानपत्राचा मसुदा पाठवते.

८ जुलै

झड. आर्द्रतामापक ८८ वर. आम्हाला हवंय ५० च्या आसपास. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, घाट जवळ, त्यामुळे जुलैत ढग खिडकीतूनच आत येतो. आर्द्रता शोषणारं यंत्र एकच आहे. दिवसातून दोनदा त्याची बादली ओतते. वीज गेली की तेही बंद.

बुरशी दोन फायलींवर. त्या वेगळ्या काढून वाऱ्यावर कोरड्या केल्या. ब्रशने झटकणं उघड्यावर, तोंडाला मास्क.

१० जुलै

काकूंनी वेखंडाच्या पुरचुंड्या आणल्या, प्रत्येक कप्प्यात एक. पोथ्यांना घालतात तशा. कागदाला चिकटून नसतील तर माझी हरकत नाही. डांबराच्या गोळ्या मात्र हात जोडून परत दिल्या.

१५ जुलै

गुंडाळ्यांना बाहेरून बांधायला मांजरपाट आणलं. तीनदा गरम पाण्यात धुतलं, कारण कोऱ्या कापडात खळ असते आणि कसर खळीवरच जगते. गॅलरीत वाळत घातलं तर दोन दिवस वाळेना. शेवटी काकूंनी इस्त्रीने वाळवलं. शंभर रुमाल झाले. पॉलिथिनच्या नळ्यांपेक्षा हे स्वस्त, आणि कागदाला घाम येत नाही.

२ ऑगस्ट

बऱ्याच नकाशांवर तारीख नाही. आज मामा, मी आणि धारवाडहून आलेला इंटर्न, तिघांनी बसून तारखा काढायची चावी तयार केली. सीमाभागाचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. इथे दर काही वर्षांनी काहीतरी बदललंय, आणि प्रत्येक बदल कागदावर शिक्का मारून गेलाय.

शहापूरचा नकाशा असेल आणि त्यावर सांगली संस्थानचा शिक्का असेल तर १९४८ च्या आधीचा, कारण तोवर शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं होतं. शिवेपलीकडचं बेळगाव इंग्रजांचं, दोन गल्ल्यांच्या अंतरावर बांधकामाचे वेगळे नियम. चंदगडचा नसेल आणि मजकुरात 'मुंबई राज्य' असेल तर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंतचा. 'म्हैसूर राज्य' असेल तर तिथून १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत, पुढे 'कर्नाटक'. अंदाजपत्रकात आणे असतील तर साधारण एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. मोजमाप फूट-इंचात असेल तर बहुधा साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या आतलं. मामा म्हणाले, मीटर आले तरी अण्णा तोंडाने फूटच बोलायचे आणि कागदावर मीटर लिहायचे, त्यामुळे गवंडी दोनदा विचारायचा. पत्रावर ५९०००६ असा पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं नक्की.

इंटर्नचं काम कन्नड नोटिसांचं. साठच्या दशकानंतर नगरपालिकेचे कागद हळूहळू कन्नड होत जातात. मालकांची पत्रं मराठीतच राहतात, ठेकेदाराशी करार इंग्रजीत. एका जॉबच्या एका फायलीत तिन्ही. पोरगा भराभरा वाचतो आणि मामा त्याला "निधान ओदप्पा," म्हणतात, सावकाश वाच बाबा. मामांचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. गवंड्यांबरोबर जन्म गेला, त्यातले निम्मे कन्नड बोलणारे.

९ ऑगस्ट

यादी कोणत्या भाषेत, यावर न्यासाच्या बैठकीत दीड तास. एक म्हणाले सगळं इंग्रजीत करा, जगाला कळेल. दुसरे म्हणाले मराठीतच, नाहीतर आपण हे करतोय कशाला. मी म्हटलं, कागदाचं शीर्षक कागदावर आहे त्याच भाषेत आणि त्याच वळणाने उतरवायचं, वर्णन मराठीत, आणि शोधायला तिन्ही लिप्यांत खुणा. कन्नड कागदाचं शीर्षक मराठीत टाकणं म्हणजे त्या कागदावर आपला शिक्का मारणं, आणि असे शिक्के आधीच पुष्कळ आहेत.

नावाचा प्रश्न त्याहून चिवट. आमच्याच कागदांत बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम आणि एका हौशी मालकाचं 'वेणुग्राम' एवढी रूपं सापडली. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण १९५२ च्या नकाशावर मी 'बेळगावी' लिहिणार नाही आणि २०१६ च्या पत्रावर 'बेळगाव' लिहिणार नाही. सगळी रूपं एका नोंदीला जोडली, कुठलंही टंकलं तरी त्याच ठिकाणी पोचेल. सभासदांपैकी एकांना हे पटलं नाही. चहा मात्र घेतला त्यांनी.

२१ ऑगस्ट

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

सरांच्या एका गठ्ठ्यात १९६१ सालची एक स्थळप्रत निघाली, म्हणजे पाठवलेल्या पत्राची त्यांनीच ठेवलेली नक्कल. कॉलेजच्या नव्या विज्ञान इमारतीतल्या व्याख्यान गॅलरीबद्दल. मराठीत, फाउंटन पेनने : प्रात्यक्षिकाचं टेबल जमिनीलगत, पायऱ्यांची चढ सहा इंच धरली आहे, अशाने शेवटच्या तीन बाकांवरून फळ्याचा खालचा दीड फूट आणि टेबलावरचं काहीच दिसणार नाही. 'विद्यार्थ्यास प्रयोग ऐकू येईल, दिसणार नाही.' चढ नऊ इंच करावी. खाली आकृती, शेवटच्या बाकावरच्या मुलाचा एक डोळा काढलेला आणि त्या डोळ्यातून निघालेली तुटक रेघ पुढच्या पोराच्या डोक्याला अडलेली.

पत्र कुणाला लिहिलंय ते बघितलं आणि उठलेच. अण्णांना.

धावत टिळकवाडीला. पाचवा कप्पा, गाव. जॉब रजिस्टरात इमारत सापडली, फाइल सापडली, फायलीत सरांचं मूळ पत्र, चार घड्या पडलेलं. सहा इंचांभोवती लाल पेन्सिलीचा गोल आणि समासात अण्णांच्या हाताने '०.२३'. नऊ इंचांचे मीटर. मागे उत्तराची कार्बन प्रत, इंग्रजीत, दोन ओळींची : सूचना मान्य, सुधारित नकाशा सोबत. आणि गुंडाळीत दोन नकाशे, एकावर पायऱ्या सहा इंचांच्या, त्यावर आडवी काट, दुसऱ्यावर ०.२३.

मामांना दाखवलं. त्यांनी दुसरा नकाशा बराच वेळ बघितला. "हा माझा हात नव्हं. माझ्या आधीचा ड्राफ्ट्समन." मग जरा थांबून म्हणाले, "खरं मी त्याच गॅलरीत शिकलोय. पी.यू.सी. नापास." शेवटच्या बाकावरून दिसायचं का, विचारलं. "दिसायचं की. समजायचं न्हाई."

न्यासातल्या एकांचा लगेच फोन, की मग दोन्ही पत्रं एकत्र एका फोल्डरात ठेवू, प्रदर्शनाला बरी. नाही ठेवणार. एक सरांचं, एक अण्णांचं. दोन्ही नोंदींत एकमेकांचा क्रमांक घातला, तेवढ्याने भागतं. सरांकडे ते पत्र 'तक्रारी' नावाच्या जुडीत आहे, प्राचार्यांना लिहिलेल्या पंख्यांच्या आणि गॅस बर्नरच्या तक्रारींबरोबर. अण्णांकडे तेच पत्र 'सुधारणा' या फायलीत आहे. एकत्र केलं की ही दोन नावं जातील.

३० ऑगस्ट

सरांच्या गठ्ठ्यांत विद्यापीठ कसं बदलत गेलं ते पाकिटांवरच्या शिक्क्यांत दिसतं. त्यांची स्वतःची पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण तेव्हा बेळगावची कॉलेजं मुंबईला जोडलेली. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईतच स्थापन झालं आणि १९५० मध्ये धारवाडला आलं. त्यानंतरची सगळी पाकिटं धारवाडची. गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे दा. चिं. पावटे १९५४ ते १९६७ तिथे कुलगुरू होते, केंब्रिजचे रँग्लर. गणितवाला माणूस वर बसल्यामुळे असेल, त्या वर्षांतल्या परीक्षेच्या सूचना मुद्देसूद, आकडे टाकून केलेल्या आहेत. १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाल्यावर चंदगडची मुलं तिकडे जाऊ लागली. सरांनी एका टाचणावर तेवढंच लिहिलंय : 'यंदा चंदगडचे तीनच.' बेळगावची कॉलेजं २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे, पण तोवर सर निवृत्त होऊन जमाना झाला होता.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. दहा दिवस सुट्टी. यंत्र काकूंच्या ताब्यात.

२३ सप्टेंबर

पुण्याहून अण्णांचे धाकटे चिरंजीव आले, दानपत्रावर सह्या झाल्या. कागदाची मालकी न्यासाकडे. स्वामित्व हक्काचं वेगळं कलम केलं, कारण १९५७ च्या कायद्यात वास्तुरचना ही कलाकृतीच धरली आहे आणि हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अण्णा २००५ ला गेले, म्हणजे २०६५ अखेरपर्यंत वारसांचा. प्रकाशनाची परवानगी त्यांनी न्यासाला दिली, छापताना अण्णांचं नाव घालायचं एवढीच अट.

जेवताना ते म्हणाले, हे सगळं मुंबईला किंवा बंगळूरला एखाद्या मोठ्या संस्थेला का देत नाही? वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आपली सहा हजारांवर रेखाटनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिली, चंदीगडचे वास्तुकार पिएर जानेरे यांचे कागद कॅनडात माँट्रियलला आहेत. प्रश्न रास्त आहे. तिथे थंड कोरडी तिजोरी आहे, इथे मी बादली ओततेय. पण कोरियांच्या नकाशावर काम करणारा विद्यार्थी लंडनला जाऊ शकतो. बाचीच्या माणसाला घराची तुळई बदलायची असेल तर तो बंगळूरला जाणार नाही. स्कॅन प्रती दोन बाहेरच्या ठिकाणी ठेवू, मूळ कागद इथेच. काकू वाढताना मध्येच म्हणाल्या, "मी असेपर्यंत खोलीला दुसरं कुलूप लागणार न्हाई. मी सांगतो." (काकू 'सांगतो'च म्हणतात, आमच्याकडच्या पुष्कळ बायका म्हणतात.) विषय संपला.

७ ऑक्टोबर

स्कॅनिंग सुरू. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे मोठं रोलरचं मशीन आहे, ४० रुपयांत नकाशा. रद्द प्रिंटवर चाचणी घेतली, रोलरने कडेला चीर पाडली. म्हणून वरून कॅमेरा, खाली पाटावर पांढरी काच, कडेला रंगपट्टी आणि फूटपट्टी. एका मोठ्या नकाशाचे चार फोटो जोडावे लागतात. दिवसाला बारा होतात, हात बसला की वीस होतील.

१४ ऑक्टोबर

काय उघडं ठेवायचं नाही याची यादी. एका सहकारी बँकेच्या स्ट्राँगरूमचा नकाशा : भिंतीची जाडी, दाराचं माप, हवेचा झरोका. तो बंद. राहत्या घरांचे आराखडे मालकाच्या संमतीखेरीज ऑनलाइन नाहीत. सरांकडच्या गुणपत्रिका बंद. १९६८ साली पदार्थविज्ञानात नापास झालेला माणूस आज गल्लीतला प्रतिष्ठित आजोबा आहे. मामा म्हणाले, "माझी उघडी ठेवली तरी चालंल. सगळ्यांना ठाऊकच हाय."

१ नोव्हेंबर

शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी, वर लक्ष्मीपूजन. रस्ते बंद, काम बंद. घरी बसून दुसऱ्या कप्प्याची यादी तपासली. जॉब क्र. ११२, उचगाव, सप्टेंबर १९५६. त्याच्याखाली जॉब क्र. ११५, शिनोळी, डिसेंबर १९५६. गवंडी दोन्हीकडे तोच.

१९ नोव्हेंबर

दुपारी फोन. चंदगड तालुक्यातून, वेंगुर्ला रोडवरच्याच एका गावातून. आजोबांनी बांधलेल्या घराची मागची तुळई खचली आहे, आजोबा सांगायचे नकाशा बेळगावच्या इंजिनेराने काढलाय, तुमच्याकडे असला तर बघा. आजोबांचं नाव विचारलं. आद्याक्षरं जुळली, पण तीच आद्याक्षरं त्या कप्प्यात तिघांची आहेत. घर कसं आहे, विचारलं. सोपा, माजघर, मागे पडवी. तसं तर सगळ्यांचंच.

"मागे एक अंधारी खोली आहे बघा, पडवीला लागून. आम्ही आता तिथं सायकली ठेवतो. आजी असताना तिथं रताळी असायची."

खोकं काढलं. पुन्हा उलगडून बघितली, पेन्सिलीचं 'रताळी' जागच्या जागी. गाव कळलं, म्हणजे कप्प्यातली जागा कळली. शिनोळीच्या खाली, तळाच्या आधीची. फोटोतल्या धुळीच्या खुणा लावून पाहिल्या, तिथे एक गोल रिकामा होता, तेवढ्याच व्यासाचा.

तुळईचा छेद मोबाइलवर पाठवला. गुंडाळीला रुमाल बांधला, जागेवर ठेवली. खोक्यावरचा आकडा खोडून लिहिलं : १०.